कल्याणांना ऐकू कसं गेलं?

श्रावणात महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत गेलेल्या माणसाला हा अनुभव नवा नाही. घळीच्या तोंडावरून धबधबा कोसळत असतो, तुषारांनी चष्मा धुरकटलेला असतो आणि हातभर अंतरावरचा सोबती काहीतरी सांगत असतो. त्याचे ओठ हलताना दिसतात, पण शब्द कळत नाहीत. शेवटी तो वैतागून कानाशी तोंड आणतो आणि ओरडतो, "अहो, छत्री गाडीतच राहिली!"

परंपरा सांगते की, समर्थ रामदासांनी याच घळीत दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला. २० दशक, २०० समास, ७,७५१ ओव्या. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी गेल्या शतकात ही घळ पुन्हा उजेडात आणली. तेव्हापासून इथे येणाऱ्या कुणा ना कुणा पोराला प्रश्न पडतोच : पावसाळ्यात एवढ्या गोंगाटात कल्याणांना ऐकू कसं गेलं?

आतल्या बाजूला आवाज जरा मवाळतो, हे एक उत्तर. पण पोराचा प्रश्न तेवढ्यावर सोडून देण्यासारखा नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत भौतिकशास्त्राच्या निरनिराळ्या शाखांनी जी मोठी कामं केली, त्यांतल्या बऱ्याच कामांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. कुणी कृष्णविवरांच्या टकरी ऐकतंय, कुणी ढगातली वीज मोजतंय, कुणी डोंगराची नाडी पाहतंय. यंत्रं वेगळी, विषय वेगळे, पण अडचण एकच : धबधब्याशेजारी बसून कुजबुज ऐकायची आहे.

आधी गोंगाट समजून घेऊ

धबधब्याचा आवाज येतो कुठून? पाणी दगडावर आपटतं म्हणून, असं आपण पटकन म्हणतो. तो भाग आहेच, पण पाण्यातल्या आवाजाचा खरा गवई म्हणजे बुडबुडा.

कोकणात कौलं गळायला लागली की खाली बादली ठेवायची आणि रात्रभर 'टुळुक, टुळुक' ऐकायचं, हे काही नवं नाही. केंब्रिज विद्यापीठातल्या अनुराग अगरवालांची झोपही एकदा ब्राझीलमध्ये मित्राच्या घरी अशाच गळक्या छपराने उडवली. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेरा लावून थेंब पडताना पाहिला आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. थेंब पाण्यावर आदळतो त्या क्षणी आवाज जवळजवळ होतच नाही. थेंबामुळे पाण्यात खळगा पडतो, खळगा मिटताना तळाशी हवेचा एक बारीक बुडबुडा अडकतो आणि तो आकसत-फुगत थरथरतो. 'टुळुक' तो म्हणतो. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब टाकले की पृष्ठताण बदलतो आणि आवाज बंद होतो. पुढच्या पावसाळ्यात करून पाहा.

बुडबुडा जितका लहान, तितका त्याचा सूर चढा, हा हिशेब मिनार्ट या शास्त्रज्ञाने १९३३ मध्येच मांडला होता. १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३,३०० कंपनं करतो, तर १ सेंटिमीटरचा फक्त ३३० च्या आसपास. धबधब्याखालच्या डोहात असे सगळ्या मापांचे अगणित बुडबुडे क्षणोक्षणी जन्मतात आणि मरतात. प्रत्येक जण आपापल्या सुरात गातो, कुणाचा कुणाशी मेळ नाही. ज्यात सगळे सूर आहेत आणि ताल कुठलाच नाही, त्याला गोंगाट म्हणायचं. त्यातून वाट काढायची ती इथूनच, कारण गोंगाटाला ताल नसतो आणि बोलण्याला असतो.

पहिली युक्ती : साचा ठाऊक असणे

ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा मोकळा सुटतो. पहिल्या चरणाचा शेवट कानावर पडला की पुढच्या दोघांचा शेवट कसा असणार, याचा अंदाज लेखनिकाला आलेला असतो. शिवाय गुरूचा आवाज ओळखीचा, शब्द ओळखीचे, चालही ओळखीची. अर्धं ऐकू आलं तरी उरलेलं साच्यात बसतं. तेवढ्याच आवाजात कुणी फोन नंबर सांगितला असता, तर एकही आकडा धड पोचला नसता.

गुरुत्वीय लहरी पकडताना हीच युक्ती कामी आली. दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत फिरत जवळ येतात आणि शेवटी एकरूप होतात, तेव्हा अवकाशालाच हेलकावे बसतात. त्यांची लय कशी असेल, हे आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून आधी काढता येतं. स्वयंपाकघरात हातातून ताट निसटलं की ते गरगरत थांबतं. आधी संथ 'खडंग-खडंग', मग जलद, आणखी जलद, शेवटी एक किरकिर आणि एकदम शांतता. कृष्णविवरांच्या मिलनाचा साचाही असाच, चढत जाणारा आणि अचानक तुटणारा.

असे साचे आधी तयार ठेवायचे आणि यंत्रातून येणाऱ्या नोंदीवर एकेक सरकवत कुठे जुळतो ते पाहायचं, या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत पुण्याच्या आयुका संस्थेतले संजीव धुरंधर आहेत. सत्यप्रकाश यांच्यासोबत त्यांनी साचे कसे निवडावेत यावर १९९१ मध्ये निबंध लिहिला. अशी लहर पकडू शकेल असं यंत्र तेव्हा जगात कुठेच नव्हतं.

यंत्र आलं आणि १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांना पहिली लहर सापडली. लायगोला ४ किलोमीटर लांबीचे दोन हात आहेत, एकमेकांना काटकोनात. लहर गेली की एक हात किंचित लांबतो, दुसरा आखडतो. हा 'किंचित' म्हणजे अणूच्या गाभ्यातल्या प्रोटॉनच्या जाडीचाही काहीशेवा भाग. त्याच आरशांना दूरचे ट्रक हलवतात, समुद्राच्या लाटा हलवतात, काचेची स्वतःची ऊबही हलवते. पहिली लहर इतकी ठसठशीत होती की ती साच्याविनाही नजरेत भरली. पण 'असा योगायोग २ लाख वर्षांत एकदाही घडायचा नाही' ही खात्री दिली ती सुमारे अडीच लाख साच्यांशी केलेल्या जुळवणीने.

तेव्हापासून अशा सुमारे ३०० टकरींच्या नोंदी झाल्या आणि यंत्रांचे कानही तिखट झाले. १४ जानेवारी २०२५ ची लहर पहिल्या लहरीसारखीच होती, पण गोंगाटाच्या मानाने तिपटीहून जास्त स्पष्ट ऐकू आली. तिच्यावरून एक जुनं विधान तपासता आलं. दोन कृष्णविवरं एक झाली तर नव्याचं पृष्ठफळ दोघांच्या बेरजेपेक्षा कमी होऊ शकत नाही, असं स्टीफन हॉकिंगने १९७१ मध्ये म्हटलं होतं. इथे आधीची बेरीज सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर होती आणि मिलनानंतरचं पृष्ठफळ निघालं सुमारे ४ लाख. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ लाख ८ हजारांच्या आसपास आहे. म्हणजे महाराष्ट्रात मावतील एवढी दोन विवरं एक झाली आणि महाराष्ट्राबाहेर सांडली!

दुसरी युक्ती : पुन्हा पुन्हा बेरीज

साचा ठाऊक नसेल तर? मग धीर धरायचा आणि मोजत राहायचं.

घराच्या अंगणात एका पोराला उभं करा. नाणं उडवायचं, छापा आला तर एक पाऊल पुढे, काटा आला तर एक पाऊल मागे. १०० वेळा उडवल्यावर तो कुठे असेल? साधारण दहाएक पावलांच्या आत-बाहेर. पुढचं आणि मागचं एकमेकांना खात राहतं. आता दुसऱ्या पोराला सांगा, दर खेपेला पुढेच जा. तो १०० पावलांवर पोचेल. १०,००० वेळा हाच खेळ केला तर पहिला भटकून भटकून शंभरेक पावलांवर, दुसरा थेट १०,००० वर. गोंगाट पहिल्या पोरासारखा वागतो आणि खरी खूण दुसऱ्यासारखी. जितक्या खेपा जास्त, तितका दोघांतला फरक वाढत जातो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ग्रेप्स-३ हा प्रयोग उटीला चालतो. वरच्या हवेत विश्वकिरण आदळले की म्युऑन नावाचे कण तयार होऊन खाली बरसतात. इलेक्ट्रॉनचा हा वजनदार भाऊबंद. आत्ता तुमच्या उघड्या तळहातातून मिनिटाला शंभरेक म्युऑन आरपार चालले आहेत. उटीचं यंत्र मिनिटाला सुमारे २५ लाख म्युऑन मोजतं. एवढ्या मोजणीत नुसत्या योगायोगाने होणारा चढउतार असतो साधारण १,६०० चा, म्हणजे शेकडा ०.०६ इतकाच.

१ डिसेंबर २०१४ रोजी उटीवर वादळी ढग आला आणि त्याच्या दिशेकडून येणारे म्युऑन सुमारे २ टक्क्यांनी घटले. घाटात सायकल चालवणाऱ्याला ढगातला विद्युतदाब लगेच समजेल. धन भाराच्या म्युऑनांना तिथे चढण लागली, ऋण भाराच्यांना उतार. यंत्रावर काँक्रीटचा जाड थर आहे, चढणीत दमलेले कण तो भेदून आत येऊ शकत नाहीत. धन भाराचे म्युऑन मुळात संख्येने जास्त असल्याने एकूण मोजणी खाली आली. घट किती, यावरून चढण किती उंच ते काढलं. उत्तर आलं १.३ अब्ज व्होल्ट! २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ढगात अब्जभर व्होल्ट असू शकतात, असं विल्सन या शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात म्हटलं होतं. ते पडताळायला ढगात शिरावं लागलं नाही. खाली जमिनीवर बसून, न कंटाळता मोजत राहिल्याने जमलं.

तिसरी युक्ती : अनेकांच्या साक्षी

एकाला ऐकू आलं तर तो भास असू शकतो. दहा जणांना, दहा ठिकाणी, एकाच तालात ऐकू आलं तर नाही.

जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० ताटल्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ही जीएमआरटी दुर्बीण. ती इतर गोष्टींबरोबर स्पंदकांचे ठोके मोजते. स्पंदक म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा गरगर फिरणारा गाभा. दीपगृहासारखा त्याचा झोत दर फेरीला आपल्यावरून जातो. काही स्पंदक सेकंदाला शेकडो फेऱ्या मारतात आणि त्यांची लय उत्तम घड्याळासारखी नेमकी असते.

आता एखादी फार लांबलचक गुरुत्वीय लहर आपल्याजवळून चालली आहे असं समजा, जिचा एक हेलकावा पुरा व्हायला वर्षानुवर्षं लागतात. तिच्यामुळे काही स्पंदकांचे ठोके अगदी थोडे आधी येतील, काहींचे थोडे उशिरा. ती पकडायला ४ किलोमीटरचे हात पुरत नाहीत, आकाशगंगाच यंत्र म्हणून वापरावी लागते. सावित्री नदीच्या मुखाशी, बाणकोटच्या खाडीत नांगरलेल्या होड्या आठवा. एकच होडी डुलली तर कुणी आत चढलं असेल. पण शेजारच्या होड्या बरोबरीने आणि लांबच्या वेगळ्या पण ठरावीक तालात डुलायला लागल्या, तर खाडीत लाट शिरली आहे. स्पंदकांच्या जोड्यांत आकाशातल्या अंतरानुसार असाच एक ठरावीक मेळ दिसायला हवा, हे १९८३ मध्येच गणिताने काढून ठेवलं होतं.

२९ जून २०२३ रोजी अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि चीनमधल्या गटांनी तो मेळ दिसत असल्याचं जाहीर केलं. युरोपीय गटाच्या बरोबरीने भारत-जपानचा गट होता आणि त्याची मोजणी खोडदची. ताऱ्यांमधल्या विरळ वायूमुळे रेडिओलहरींना उशीर होतो, आणि कमी कंपनांच्या लहरींना तो जास्त होतो. खोडदची दुर्बीण नेमक्या याच लहरी ऐकते, त्यामुळे वायूने केलेला उशीर कोणता आणि लहरीने केलेला कोणता, हे निवडायला तिची मदत झाली. शास्त्रज्ञांनी शब्द मात्र जपून वापरला : 'शोध' नाही, 'पुरावा'. अजून साक्षी हव्यात.

आणि हा पुरावा कशाचा? सर्वांत सरळ अर्थ असा की, दूरदूरच्या दीर्घिकांच्या पोटात प्रचंड कृष्णविवरांच्या असंख्य जोड्या फिरत आहेत आणि त्या सगळ्यांच्या लहरी एकमेकींत मिसळून आपल्यापर्यंत येत आहेत. कुणाची कुठली ते वेगळं काढता येत नाही. म्हणजे पुन्हा डोहातले बुडबुडेच! इतका वेळ आपण गोंगाट बाजूला सारत होतो आणि शेवटी जे हाती लागलं, तोही एक गोंगाटच निघाला. फरक एवढाच, की तो आपल्याला हवा होता.

चौथी युक्ती : गोंगाटालाच कामाला लावणे

इथून पुन्हा महाड तालुक्यात यायला हवं. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीतही डोंगर खाली आला. घाटमाथ्यावर महाबळेश्वरला त्या २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याआधी जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते या गावांनी हेच सोसलं होतं.

दरड का सुटते? धुतलेल्या ओट्यावर गरम वाटी पालथी घातली की ती आपोआप सरकते. आत अडकलेली हवा तापून फुगते, वाटीचं थोडं वजन उचलते आणि ओट्याशी असलेलं घर्षण कमी होतं. डोंगरउतारावर कातळावर माती आणि दगडगोट्यांचा थर बसलेला असतो. पाऊस मुरत जातो, कातळाशी अडतो, आणि मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो. तो दाब कणांना एकमेकांपासून उचलून धरतो. थराचं वजन वाढलेलं, पकड मात्र सुटलेली. पुढे काय होतं, ते इथल्या लोकांना सांगायला नको.

हे वरून दिसत नाही. पण मातीची पकड सैल झाली की तिच्यातून जाणाऱ्या कंपनांचा वेग मंदावतो. तो मोजायचा कसा? दरवेळी सुरुंग लावून चालत नाही, आणि डोंगर कायम थरथरतच असतो : वाऱ्याने, रहदारीने, नदीने, धबधब्याने. ही थरथर निरुपयोगी म्हणून टाकून दिली जायची. ती उपयोगी पडते, हे गेल्या वीस वर्षांत कळलं.

कल्पना करा, नदीकाठी एक जण बसला आहे आणि उतारावर दुसरा. दोघेही जमिनीची थरथर कागदाच्या पट्टीवर उमटवत आहेत. पट्ट्यांवर नुसता गिचमिडकाला. पण नदीकडून आलेली गिचमीड पहिल्यापाशी आधी उमटते आणि तीच, थोडी बदलून, दुसऱ्यापाशी जरा नंतर. एक पट्टी दुसरीवर ठेवून सरकवत गेलं की एका जागी दोन्ही सर्वांत जास्त जुळतात. जितकी सरकवावी लागली, तितका वेळ कंपनांना लागला. यंत्र हे दिवसरात्र करत राहतं. वेळ वाढू लागला की समजायचं, मधली माती सैल होते आहे. २००५ मध्ये कॅलिफोर्नियात या पद्धतीने जमिनीखालचा नकाशाच काढला गेला. नेपाळमध्ये त्रिशूली नदीकाठच्या नोंदींत पावसाळ्यात नदीचा गोंगाट चढताना स्पष्ट दिसला. स्वित्झर्लंडमध्ये पाँ बुर्कँ इथल्या चिकणमातीच्या उतारावर २०१० मध्ये दरड सुटण्याआधीच्या काही दिवसांत हा वेग सुमारे ७ टक्क्यांनी उतरला होता.

यावरून लगेच महाडच्या प्रत्येक वाडीला भोंगा मिळेल असं नाही. स्विस उतार सावकाश सरकणारा होता. आपल्याकडे कातळावरचा पातळ थर काही तासांच्या पावसात सुटतो, आणि उतार शेकड्यांनी आहेत. पाऊस मोजणं, भेगांवर लक्ष ठेवणं आणि वेळेत माणसं हलवणं याला पर्याय नाही. पण डोंगराच्या पोटात काय चाललंय हे विचारायची एक रीत हाती आली आहे, आणि तिला लागणारं इंधन इथे पावसाळाभर फुकट कोसळत असतं.

चौकट : थोडक्यात

• गोंगाटाला ठरावीक ताल नसतो. कामाच्या खुणेला असतो, म्हणून ती निवडता येते.
• साचा आधी ठाऊक असेल तर जुळवून पाहा : गुरुत्वीय लहरी, लायगो, आयुका.
• साचा ठाऊक नसेल तर मोजत राहा : म्युऑन, उटीचा ग्रेप्स-३.
• एकट्यावर विश्वास नको, अनेकांचा मेळ पाहा : स्पंदक, खोडदची जीएमआरटी.
• गोंगाट कुठून कुठे जातो ते पाहिलं तर मधल्या वस्तूची तब्येत कळते : डोंगर, दरडी.

पुन्हा घळीत

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहणार आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. ४ किलोमीटरचे हात मराठवाड्याच्या मातीत पसरतील, तेव्हा तिथल्या अभियंत्यांचा पुष्कळसा वेळ लहरी शोधण्यात नव्हे, तर गोंगाट ओळखण्यात जाईल : हा ट्रॅक्टर, हा वारा, ही लांबची सुरुंगाची खाण. आपल्या गोंगाटाची ज्याला इत्थंभूत माहिती, त्यालाच वेगळं काही आलेलं कळतं.

कल्याणांचंही तेच झालं असावं. पावसाळ्यामागून पावसाळे धबधब्याशेजारी काढल्यावर तो आवाज त्यांच्या कानांना घरच्या घड्याळासारखा झाला असेल. त्यावर उठणारा प्रत्येक वेगळा स्वर मग आपसूक ऐकू यायचा. पुढच्या वेळी घळीत गेलात तर ओरडून बोलू नका. घटकाभर नुसतं बसा. पाचव्या-सहाव्या मिनिटाला धबधबा तसाच कोसळत असेल, आणि मागे कुणीतरी हळू आवाजात म्हणत असलेला श्लोक तुम्हाला शब्द न् शब्द कळायला लागेल.